विनायक महादेव दांडेकर

विनायक महादेव दांडेकर (६ जुलै १९२० – ३० जुलै १९९५) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. कुटुंबांच्या उपभोग-खर्चाच्या आधारे भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करण्यासाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात.

जीवन

दांडेकरांचा जन्म सातारा येथे झाला. कलकत्ता विद्यापीठातून त्यांनी संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या हाताखाली काम करू लागले. १९६६ ते १९८० या काळात ते संस्थेचे संचालक होते. इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी या संस्थेचे ते संस्थापक होत. त्यांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर या लोकसंख्याशास्त्रज्ञ होत्या.

दारिद्र्याचा अभ्यास

नीळकंठ रथ यांच्यासह केलेला दांडेकरांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीतील १९६०-६१ ची आकडेवारी घेऊन, दरडोई रोज २,२५० कॅलरींचा आहार मिळण्यासाठी कुटुंबाचा एकूण खर्च किती असावा लागतो, हे त्यांनी शोधले. त्या वर्षीच्या किमतींनुसार ही मर्यादा ग्रामीण भागात दरडोई वार्षिक १८० रुपये व शहरी भागात २७० रुपये ठरली. तीनुसार ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात होते. पुढील दशकातील विकासाचा लाभ मुख्यतः मध्यम व वरच्या स्तरांना मिळाला आणि शहरांतील तळाच्या वीस टक्क्यांची स्थिती खालावली, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

उपलब्ध जमीन सर्वांना पुरणारी नसल्याने केवळ जमीनवाटपाने हा प्रश्न सुटणार नाही, असे लेखकांचे मत होते. काम मागणाऱ्यास सार्वजनिक कामांवर किमान वेतनाचा रोजगार द्यावा आणि त्याचा भार संपन्न वर्गाने आपला उपभोग कमी करून उचलावा, असा उपाय त्यांनी सुचविला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला.

या मोजमापावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. माणसाची ऊर्जेची गरज स्थिर नसते; म्हणून सरासरी गरजेहून कमी आहार घेणाऱ्या प्रत्येकास कुपोषित मानता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दारिद्र्य व कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी असून आपण दारिद्र्य मोजत आहोत, अशी भूमिका दांडेकरांनी मांडली. हा वाद अनेक वर्षे चालला.

अन्य कार्य

पीक विम्याची भरपाई प्रत्येक शेताची पाहणी करून न ठरवता समान परिस्थितीच्या क्षेत्रातील सरासरी उत्पादनावरून ठरवावी, असे दांडेकरांनी १९७० च्या दशकात सुचविले. १९८५ साली देशात सुरू झालेल्या सर्वंकष पीक विमा योजनेत ही क्षेत्राधारित पद्धत स्वीकारण्यात आली.

महाराष्ट्र शासनाने १९८३ साली प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने राज्याची सरासरी प्रमाण मानून जिल्हानिहाय विकासाचा अनुशेष काढला. १९८४ च्या अहवालानुसार तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता. विदर्भ व मराठवाड्याच्या विकासाविषयीच्या पुढील चर्चांत या अहवालाचा आधार वारंवार घेतला गेला.