शंभूनाथ डे

शंभूनाथ डे (१ फेब्रुवारी, इ.स. १९१५ – १५ एप्रिल, इ.स. १९८५) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. पटकी म्हणजेच कॉलरा या रोगात रुग्णाच्या आतड्यातून पाणी वाहू लागते ते जंतूंनी सोडलेल्या विषामुळे, हे त्यांनी इ.स. १९५९ मध्ये कोलकाता येथे प्रयोगाने सिद्ध केले. हे विष पेशीतील एका प्रथिनावर एडीपी-रायबोसिलीकरण नावाची क्रिया घडवते, हे पुढे सुमारे दोन दशकांनी इतर संशोधकांनी दाखवले.

बालपण आणि शिक्षण

डे यांचा जन्म बंगालमधील हुगळी जिल्ह्यात गरिबाटी या गावी झाला. वडिलांचा व्यवसाय बेताचाच असल्याने घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. शिष्यवृत्तीच्या आधारावर त्यांनी हुगळी मोहसिन महाविद्यालयात व नंतर कोलकाता वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. इ.स. १९३९ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि इ.स. १९४२ मध्ये त्यांनी उष्णकटिबंधीय वैद्यकाची पदविका मिळवली. इ.स. १९४७ मध्ये ते लंडनला गेले. तेथे युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून त्यांनी इ.स. १९४९ मध्ये पीएच.डी. संपादन केली. परतल्यावर ते नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. इ.स. १९५५ पासून इ.स. १९७३ मधील निवृत्तीपर्यंत ते कोलकाता वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र व जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

पटकीवरील संशोधन

पटकीची दहशत केवळ बंगालपुरती नव्हती. महाराष्ट्रात या रोगाला मरीआईचा कोप समजत आणि गावाबाहेर मरीआईचा गाडा काढीत. पंढरपूरच्या यात्रेवरही पटकीचे सावट असे. रॉबर्ट कॉख यांनी इ.स. १८८४ मध्ये कोलकात्यातच या रोगाच्या जंतूचा अभ्यास केला होता आणि जंतू विष सोडत असावा असा तर्कही मांडला होता. मात्र ते विष पुढील पाऊणशे वर्षे कोणाला दाखवता आले नाही. संशोधक प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत जंतू टोचत. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे.

डे यांनी पटकीच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांतील बिघाड प्रथम अभ्यासला. शरीरातील पाणी झपाट्याने कमी होणे हेच या बिघाडाचे मूळ असेल, तर शोध आतड्यात घ्यायला हवा, असे त्यांना वाटले. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पोकळीत जंतूंचे संवर्धन सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला आढळला. ही पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने इ.स. १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी ससा, दोरा आणि सुई यांपलीकडे फारसे काही लागत नव्हते. इ.स. १९५६ मध्ये याच पद्धतीने त्यांनी हगवणीच्या रुग्णांतील काही ई. कोलाय जंतूंचीही परीक्षा केली.

निर्णायक प्रयोग इ.स. १९५९ चा. डे यांनी संवर्धनातील सर्व जंतू गाळून काढले आणि उरलेला निर्जंतुक द्रव बांधलेल्या आतड्यात सोडला. आतडे तसेच फुगले. रोग घडवण्यास जंतू हजर असण्याचीही गरज नव्हती, त्याने मागे ठेवलेले विष पुरेसे होते. दोन पानांचा हा लेख 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर केलेल्या स्वतंत्र प्रयोगांतून असाच निष्कर्ष काढला. मुंबईच्या या कामाचा उल्लेख आज क्वचितच होतो. इ.स. १९६१ मध्ये डे यांचा पटकीच्या विकृतिशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विष शुद्ध स्वरूपात मिळवण्याचे काम मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही, ते इ.स. १९६९ मध्ये अमेरिकेत झाले.

विषाचे कार्य

विष नेमके काय करते याचा उलगडा कबुतराच्या तांबड्या रक्तपेशींवरील प्रयोगांतून होऊ लागला. इ.स. १९७५ मध्ये मायकेल गिल यांनी दाखवले की, या विषाला काम करण्यासाठी एनएडी हा पेशीतील नित्याचा रेणू लागतो. पुढील दोन-तीन वर्षांत पूर्ण चित्र स्पष्ट झाले. विषाचे पाच समान घटक आतड्याच्या पेशीला चिकटतात आणि सहावा घटक आत शिरतो. तो एनएडीमधील एडीपी-रायबोज हा भाग तोडून 'जी' प्रथिनाला जोडतो. हे प्रथिन एरवी संदेश पोहोचवून स्वतःच बंद होणाऱ्या कळीसारखे असते. एडीपी-रायबोज चिकटल्यावर कळ बंद होत नाही. पेशीत सायक्लिक एएमपी साचत जाते, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतले जाते आणि मागोमाग पाणी जाते. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पेशी मरत नाही. तिची नियंत्रणव्यवस्था अडकून पडते. ग्लुकोजबरोबर मीठ शोषून घेण्याची तिची क्षमता शाबूत राहते आणि म्हणूनच साखर-मिठाचे पाणी पाजून रुग्ण वाचवता येतो.

घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्या जंतूंची विषेही हीच क्रिया वेगवेगळ्या प्रथिनांवर करतात. ही क्रिया मुळात जंतूंची मक्तेदारी नाही. माणसाच्या पेशी तुटलेला डीएनए दुरुस्त करताना तिचाच वापर करतात. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या कर्करोगपेशी या दुरुस्तीवर अधिक अवलंबून असतात. ती रोखणारे ओलापॅरिब हे औषध इ.स. २०१४ पासून वापरात आहे.

मान्यता

डे यांना हयातीत भारतात कोणताही मोठा सन्मान मिळाला नाही आणि देशातील विज्ञान अकादमींनीही त्यांना सदस्यत्व दिले नाही. ही उपेक्षा समर्थनीय ठरवणे कठीण आहे, कारण बाहेरच्या जगात त्यांच्या कामाची दखल घेतली जात होती. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. इ.स. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादात त्यांना व्याख्यानासाठी पाचारण करण्यात आले. त्या वेळी त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती. इ.स. १९९० मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला.