सिंहलद्वीपातील गोमंतकीय सेवक : जोसेफ वाझ

धम्मबांधवांनो, परक्या धर्मातील पाद्र्याचे चरित्र आपण का वाचावे, असे कोणी विचारील. स्वीकारलेला धर्म घरात कसा टिकतो, हे या चरित्रातून कळते म्हणून.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, मूळच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात झाला. १६७६ साली ते पाद्री झाले. गोव्यात पुष्कळांनी धर्म बदलला, पण जात सोडली नाही. १६८५ मध्ये वाझ ज्या संघात गेले, तोही ब्राह्मण मुळाच्या पाद्र्यांचाच होता. ही उणीव झाकण्याचे कारण नाही.

त्या वेळी श्रीलंकेचा किनारा डचांच्या ताब्यात होता. १६५८ मध्ये त्यांनी जाफना जिंकले आणि कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली. डचही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट. पुढे सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिकांना पाद्री मिळाला नाही. तरीही घराघरांत प्रार्थना चालू राहिली. वडीलधाऱ्यांनी ती मुलांना शिकविली.

१६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात जाफन्यास पोचले. सोबत जॉन नावाचा सेवक होता. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. माळ पाहून ज्याचा चेहरा उजळे, ते घर आपले, हे ते ओळखत. उपासना रात्री गुपचूप होई. लोकांशी बोलता यावे म्हणून ते तमिळ शिकले, पुढे सिंहलीही शिकले.

१६९२ मध्ये ते कँडीला गेले. तेथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद झाली. कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा निष्ठावंत बौद्ध होता. त्याने भिक्षूंची उपसंपदा पुन्हा सुरू करण्यासाठी आराकानहून भिक्षू आणविले होते. कैदी निरपराध आहे असे दिसून आल्यावर त्याने वाझांना आपल्या राज्यात धर्मकार्याची मोकळीक दिली. स्वतःचा धर्म मात्र त्याने सोडला नाही. ख्रिस्ती डचांनी ज्याला मज्जाव केला, त्याला बौद्ध राजाने आसरा दिला.

वाझांनी पाऊस पाडल्याची कथा भाविक सांगतात. आपण तिच्यात अडकू नये. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना टाकून पळाले. वाझ आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्या रोग्यांना निवारा दिला, अन्न भरविले, जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. रोग्याचा धर्म त्यांनी पाहिला नाही. याला चमत्कार लागत नाही, करुणा लागते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या आपल्या कुटुंबांना रोज विहारात जाणे जमत नाही. भिक्षूही नेहमी भेटत नाहीत. म्हणून वंदना थांबवू नये. जाफन्याच्या त्या घरांनी तीस वर्षे वाट पाहिली, पण मुलांना शिकविणे थांबविले नाही. आपण संध्याकाळी मुलांना जवळ बसवून पंचशील म्हणावे, त्याचा अर्थ सांगावा आणि शेजारी आजारी असेल तर त्याची जात न विचारता उठून जावे.