नागोरच्या तटाखाली : जयाप्पा शिंदे

मराठ्यांच्या उत्तरेकडील पराक्रमाची कथा सांगताना पानिपताचे स्मरण सर्वांस होते. परंतु त्यापूर्वी सहा वर्षे मारवाडच्या वालुकामय प्रदेशात एका मोठ्या सरदाराने देह ठेविला, याची आठवण फारच थोड्यांस असते. तो सरदार म्हणजे जयाप्पा शिंदे.

सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड हे शिंद्यांचे मूळ गाव. राणोजी शिंदे इ. स. १७४५ मध्ये निवर्तल्यावर दौलतीचा भार ज्येष्ठ पुत्र जयाप्पांवर आला. १७५१ मध्ये मल्हारराव होळकरांसमवेत त्यांनी वजीर सफदरजंगास साह्य करून बंगश पठाणांचा मोड केला. पुढे १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचे पुत्र खंडेराव पडले, आणि जाटांशी तह करण्याच्या प्रश्नावरून या दोन सरदारांची मने दुरावली. त्याच वर्षी जयाप्पा मारवाडात उतरले. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह व विजयसिंह या चुलतबंधूंत कलह चालू होता. रामसिंहाने मराठ्यांचा आश्रय मागितला होता. मेडत्याजवळ पराभव पावून विजयसिंह नागोरच्या किल्ल्यात शिरला.

हा किल्ला डोंगरावर नाही, सपाट भूमीवर आहे. निसर्गाने जे दिले नाही ते मनुष्याने बांधून काढिले : दुहेरी तट, एकापुढे एक दरवाजे, आणि हत्तींनी धडक देऊ नये म्हणून कवाडांवर लोखंडी खिळे. परंतु त्याचे खरे बळ पाण्यात होते. पावसाचा थेंब न् थेंब तलाव, विहिरी व हौद यांत साठविण्याची तेथील योजना आजही पाहणाऱ्यास थक्क करिते. विजयसिंहाचे पिते बख्तसिंह यांनी आतील महाल व कारंजी यांची शोभा वाढविली होती. आत पाणी, बाहेर रखरखीत वाळू. अशा स्थितीत वेढा लांबणे अपरिहार्यच होते.

लवकर तह करून मोकळे व्हावे, असे नानासाहेब पेशव्यांचे मत होते; परंतु रामसिंहास दिलेला शब्द व स्वतःचा आग्रह यांपुढे जयाप्पांस ते मानवले नाही. अखेर जुलै १७५५ मध्ये, तहाची बोलणी चालू असताना, नागोरजवळ ताऊसर येथील छावणीत मारेकऱ्यांनी त्यांचा घात केला. बंधू दत्ताजींनी वेढा पुढे चालविला आणि १७५६ मध्ये तह होऊन अजमेर मराठ्यांस मिळाले. दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर आणि जयाप्पांचे पुत्र जनकोजी १७६१ मध्ये पानिपतावर कामी आले. धाकटे बंधू महादजी यांनी पुढे ते घराणे पुन्हा उभे केले.

नागोरच्या किल्ल्याच्या जीर्णोद्धारास २००२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार लाभला. ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे. आपल्या तरुणांनी राजस्थानच्या प्रवासात वाट वाकडी करून तेथे अवश्य जावे. शब्द राखणे हा थोर गुण खरा. परंतु कोठे थांबावे हे ओळखणे हाही तितकाच थोर गुण आहे, हा बोध त्या दोन वास्तू शेजारी शेजारी उभ्या राहून देतात.