राजकवीपद गमावलेला ड्रायडन

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६८ सालच्या मार्च महिन्यात मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात आलेल्या या बेटाचे भाडे ठरले सालीना दहा पौंड. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, एप्रिलमध्ये, याच राजाने आणखी एक नेमणूक केली. जॉन ड्रायडन या छत्तीस वर्षांच्या कवीला त्याने आपला राजकवी केले. मुंबईचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. राजकवीचे पद मात्र आजतागायत टिकून आहे आणि राजाश्रय व कवीची सदसद्विवेकबुद्धी यांच्यातील झगडा ज्याच्या आयुष्यात सर्वांत ठळकपणे दिसतो, तो या पदावरचा पहिला अधिकृत कवी ड्रायडनच होय.

तसे पाहता राजाने कवीला तनखा देण्याची प्रथा त्याच्याही आधीची. बेन जॉन्सनला १६१६ पासून दरबारातून वेतन मिळत असे. पुढे त्यात कॅनरी बेटांवरील मद्याचीही भर पडली. जॉन्सननंतर विल्यम डेव्हनंटने ती जागा चालवली. परंतु रीतसर सनद देऊन ‘राजकवी’ ही पदवी बहाल झाली ती डेव्हनंटच्या मृत्यूनंतर, ड्रायडनला. १६७० मध्ये दरबारी इतिहासकाराचे पदही त्याच्याकडे आले. दोन्ही पदांचे मिळून दोनशे पौंड वार्षिक वेतन आणि मद्याचे एक मोठे पिंप असा तो मानमरातब होता. निवडीसाठी समिती नव्हती, स्पर्धा नव्हती, पदाला मुदतही नव्हती. राजाची मर्जी हाच एकमेव निकष. ही मर्जी ड्रायडनने संपादन कशी केली, हा प्रश्न त्याच्या हयातीतच त्याच्या शत्रूंनी वारंवार उकरून काढला.

कारण ड्रायडनचा जन्म (१६३१) नॉर्थम्प्टनशायरमधील प्युरिटन वळणाच्या, म्हणजे राजाविरुद्ध संसदेची बाजू घेणाऱ्या घराण्यातला. वेस्टमिन्स्टर शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिकून तो क्रॉमवेलच्या राजवटीत नोकरीला लागला. १६५८ मध्ये क्रॉमवेलच्या अंत्ययात्रेत मिल्टन आणि मार्व्हेल यांच्याबरोबर हा तरुणही चालला होता. क्रॉमवेलवर त्याने गौरवकाव्यही रचले. आणि दोनच वर्षांनी चार्ल्स राजा म्हणून परतला, तेव्हा त्याच्या स्वागताचे काव्यही ड्रायडनच्याच लेखणीतून उतरले! यादवीला कंटाळलेला बहुतेक सारा देशच तेव्हा राजाकडे वळला होता, हे खरे. पण कवीचे शब्द छापलेले असतात आणि ते पुसता येत नाहीत. संधिसाधूपणाचा शिक्का त्याच्यावर बसला तो तेव्हापासून.

त्याचा चरितार्थ मात्र मुख्यतः रंगभूमीवर चाले. वर्षाला तीन नाटके देण्याचा करार त्याने एका नाटकमंडळीशी केला होता. अर्थात तितकी नाटके त्याच्या हातून कधीच झाली नाहीत. १६७५ साली त्याने लंडनच्या रंगभूमीवर आणलेले ‘औरंग-झेब’ हे नाटक मराठी वाचकाला विशेष कुतूहलाचे वाटेल. रायगडावर शिवराज्याभिषेक होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि खुद्द औरंगजेब दिल्लीच्या तख्तावर होता. फ्रेंच प्रवासी बर्निए याच्या वृत्तांतावरून घेतलेल्या या नाटकातला औरंगजेब चक्क पित्याशी एकनिष्ठ असणारा, उदात्त मनाचा नायक आहे. आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत मरण पावलेल्या शहाजहानची हकिकत ठाऊक असणाऱ्याला याचे हसू आल्याशिवाय राहणार नाही.

राजकवी म्हणून ड्रायडनची खरी कसोटी लागली ती १६८१ मध्ये. चार्ल्सला औरस संतती नव्हती. त्याचा भाऊ जेम्स कॅथलिक असल्याने त्याला वारसाहक्कातून वगळावे, अशी मोहीम लॉर्ड शाफ्ट्सबरीने चालवली होती. राजाचा अनौरस पुत्र मन्मथ याला पुढे करण्याचा घाट घातला जात होता. अशा वेळी बायबलमधील दाविद राजा आणि त्याचा बंडखोर पुत्र यांच्या कथेचा आधार घेऊन ड्रायडनने ‘ॲब्सलम अँड अकिटोफेल’ हे उपहासकाव्य लिहिले. राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत असलेल्या शाफ्ट्सबरीचे प्रकरण ज्यूरीपुढे येण्याच्या तोंडावर ते प्रसिद्ध झाले. ज्यूरीने शाफ्ट्सबरीला सोडून दिले. पण काव्य हातोहात खपले आणि राजकीय उपहासाचा तो मानदंड ठरला.

या सेवेचे मोल राजाने काय दिले? वेतन कित्येकदा थकलेले असे. १६८३ च्या सुमारास निदान सहा महिन्यांची बाकी तरी मिळावी म्हणून या राजकवीला खजिन्याच्या अधिकाऱ्याकडे आर्जवे करावी लागली. त्याआधी, १६७९ च्या डिसेंबरमध्ये, कोव्हेंट गार्डनजवळच्या रोझ ॲली या गल्लीत भाडोत्री गुंडांनी त्याला रात्री बेदम मारले होते. संशय एका सरदारावर होता. पन्नास पौंडांचे इनाम जाहीर झाले, तरी कोणी सापडले नाही.

१६८५ मध्ये चार्ल्स वारला आणि जेम्स गादीवर आला. त्याने ड्रायडनचे पद कायम ठेवले, मद्याचे पिंप मात्र बंद केले. याच सुमारास ड्रायडनने कॅथलिक पंथ स्वीकारला. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चची बाजू मांडणारे काव्य लिहिणारा हा कवी राजाचा पंथ बदलताच आपलाही पंथ बदलतो, हे पाहून लंडनच्या कॉफीगृहांतून टवाळीला ऊत आला. १६८७ मध्ये त्याने ‘द हाइंड अँड द पँथर’ या दीर्घकाव्यात आपल्या नव्या श्रद्धेचे समर्थन केले. पण त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

उत्तर मिळाले ते पुढच्या वर्षी. १६८८ च्या राज्यक्रांतीत जेम्सला परागंदा व्हावे लागले आणि विल्यम व मेरी यांची राजवट आली. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय आणि कॅथलिक मत सोडल्याशिवाय सरकारी पद राखता येणार नव्हते. आजवरचा लौकिक पाहता ड्रायडन पुन्हा एकदा कूस बदलेल, अशीच विरोधकांची अटकळ असणार. तो बदलला नाही. साठीच्या उंबरठ्यावर, तीन मुलांचा बाप असताना, दुसरे स्थिर उत्पन्न नसताना त्याने शपथ नाकारली. दोन्ही पदे गेली, वेतन गेले. राजकवीपद मिळाले ते टॉमस शॅडवेलला. ‘मॅकफ्लेक्नो’ या काव्यात ड्रायडनने ज्याला मूर्खपणाच्या साम्राज्याचा वारस म्हणून सिंहासनावर बसवले होते, तोच हा शॅडवेल! दैवाने उगवलेला याहून क्रूर सूड साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. इंग्लंडच्या राजकवींच्या परंपरेत पदावरून दूर केला गेलेला असा हा एकटाच.

ड्रायडन पुन्हा नाटकांकडे वळला, अनुवादाकडे वळला. त्याच्या १६९१ सालच्या ‘किंग आर्थर’ला हेन्री पर्सेलने संगीत दिले. कॅथलिकांवर दुप्पट कर बसला होता, प्रकृती ढासळत होती. तरीही त्याने व्हर्जिलच्या समग्र काव्याचा अनुवाद हाती घेतला. वर्गणीदार जमवून १६९७ मध्ये प्रकाशक जेकब टॉन्सनने तो देखण्या रूपात काढला. हा ग्रंथ राजा विल्यमला अर्पण करावा, असा टॉन्सनचा आग्रह होता. घसघशीत लाभाची शक्यता असूनही ड्रायडनने तो मानला नाही. तेव्हा टॉन्सनने वेगळीच शक्कल लढवली. ग्रंथातील चित्रांत ईनियसच्या चेहऱ्याला त्याने विल्यमचे बाकदार नाक बसवून घेतले. चित्रकाराचे हात प्रकाशकाच्या ताब्यात होते, अर्पणपत्रिका मात्र कवीची होती आणि ती राजाच्या नावे निघाली नाही.

१ मे १७०० रोजी ड्रायडन निवर्तला. प्रथम सोहोतील एका चर्चमध्ये पुरलेला त्याचा देह काही दिवसांतच समारंभपूर्वक वेस्टमिन्स्टर ॲबेत, चॉसरच्या शेजारी नेण्यात आला.

शॅडवेलनंतर नववर्ष आणि राजाचा वाढदिवस यांवर ठरीव काव्ये रचणे हे या पदाचे कर्तव्यच होऊन बसले. टॉमस ग्रे आणि वॉल्टर स्कॉट यांनी तर पद देऊ केले असता नाकारले. १९९९ पासून ते दहा वर्षांच्या मुदतीचे झाले आहे. २००९ मध्ये कॅरोल ॲन डफी यांच्या रूपाने प्रथमच एक कवयित्री तेथे आली. आपल्याकडेही ग्वाल्हेरचे तांबे आणि बडोद्याचे यशवंत यांनी ‘राजकवी’ ही उपाधी मिरवली. संस्थाने विलीन झाली, कविता उरली. ड्रायडनच्या बाबतीत तर पद जाऊनही कवी उरला. ज्या निष्ठेबद्दल लोकांनी आयुष्यभर शंका घेतली, ती सिद्ध करण्याची संधी त्याला पदाने दिली नाही. ती त्या पदाच्या त्यागाने दिली.