बाबूराव पटेल

बाबूराव पटेल (४ एप्रिल, १९०४ – १९८२) हे भारतीय चित्रपट समीक्षक, संपादक, दिग्दर्शक आणि राजकारणी होते. मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे संस्थापक-संपादक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

पटेल यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघरजवळच्या मासवण येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव पाटील होते. शालेय शिक्षण अर्धवट राहिले असले, तरी त्यांनी इंग्रजीवर स्वतंत्रपणे प्रभुत्व मिळवले. मूकपटांच्या काळातच ते चित्रपटव्यवसायात आले. काही चित्रपटांचे दिग्दर्शन केल्यानंतर १९३५ मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ सुरू केले.

समीक्षा

चित्रपट हे सुशिक्षितांच्या दृष्टीने हलके करमणुकीचे साधन मानले जात असताना पटेल यांनी त्याची दखल गंभीरपणे घेतली. त्यांची परीक्षणे परखड व उपरोधिक असत आणि निर्माते व कलावंत त्यांचा धसका घेत. ‘जुडास’ या टोपणनावाने चालणारे ‘बॉम्बे कॉलिंग’ हे सदर आणि वाचकांच्या प्रश्नांना चुरचुरीत उत्तरे देणारे ‘एडिटर्स मेल’ विशेष लोकप्रिय होते. मासिकाच्या अनेक मुखपृष्ठांची चित्रे एस. एम. पंडित यांनी काढली. १९३८ मधील ‘द ड्रम’ या भारतीयांचे अवमानकारक चित्रण करणाऱ्या ब्रिटिश चित्रपटाविरुद्ध पटेल यांनी मासिकातून मोहीम चालवली.

समीक्षक आणि व्यावसायिक या त्यांच्या भूमिका मात्र एकमेकींत मिसळलेल्या होत्या. ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या प्रसिद्धीचे काम त्यांनी केले होते, तसेच ज्यांच्या चित्रपटांची परीक्षणे छापली जात, त्यांच्याच जाहिराती मासिकात असत. पत्नी सुशीला राणी यांना नायिका करून त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) या चित्रपटांना यश लाभले नाही. इतरांची कठोर झाडाझडती घेणाऱ्या पटेल यांना त्यानंतर चित्रपट दिग्दर्शनाकडे वळता आले नाही. समीक्षालेखन मात्र त्यांनी पूर्वीच्याच धारेने चालू ठेवले.

उत्तरायुष्य

फाळणीनंतर त्यांच्या लेखनात राजकीय व हिंदुत्ववादी सूर तीव्र झाला. त्यांचे जुने स्नेही, लेखक सआदत हसन मंटो यांनी त्यांच्यावरील व्यक्तिचित्रात या बदलाविषयी नाराजी नोंदवली आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ‘फिल्मइंडिया’ची जागा ‘मदर इंडिया’ या प्रामुख्याने राजकीय मासिकाने घेतली. १९६७ मध्ये पटेल भारतीय जनसंघाच्या उमेदवारीवर मध्य प्रदेशातील शाजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

महत्त्व

‘फिल्मइंडिया’ने परीक्षण केलेल्या अनेक चित्रपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. अशा चित्रपटांची कथा, अभिनय, छायाचित्रण आणि जाहिराती यांविषयीची समकालीन नोंद या मासिकाच्या अंकांत सापडते. पटेल यांचे पूर्वग्रह लक्षात घेऊन वाचल्यास हे अंक बोलपटांच्या पहिल्या पंचवीस वर्षांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरतात.