गांजाचं औषध इंग्लंडला नेणारा डॉक्टर कापणीच्या एका प्रश्नात कसा अडकला?

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटच्या कुठल्याही संत्रा बागायतदाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फळाचा रंग बघून तोडा ठरवला तर फसगत होऊ शकते. साल हिरवट असतानाही आत गोडी भरलेली असते. उलट थंडीने रंग लवकर चढतो, पण आत आंबटपणा तसाच राहतो. पीक तयार झालं की नाही, हे ओळखणं हीच खरी विद्या.

संत्र्यात चूक झाली तर भाव पडतो. पण पीक औषधाचं असेल तर? मग चुकीची किंमत रुग्ण मोजतो. असंच एका झाडाच्या बाबतीत झालं. ते झाड होतं गांजाचं, आणि त्याचं औषध युरोपात पोचवणारा माणूस होता डॉ. विल्यम ब्रूक ओ'शॉघ्नेसी.

बावीस वर्षांचा पोरगा आणि कॉलरा

ओ'शॉघ्नेसीचा जन्म १८०९ साली आयर्लंडमधल्या लिमरिकचा. १८२९ मध्ये त्याने एडिनबरामधून डॉक्टरीची पदवी घेतली. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलरा शिरला. त्या काळी डॉक्टर कॉलराच्या रुग्णाचं रक्त काढून टाकायचे, म्हणजे आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला आणखी कोरडं करायचे.

या पोरसवदा डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, तेच परत द्यायला हवेत. १८३२ मध्ये थॉमस लाटा या डॉक्टरने त्याच्या या विचारावरून रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. आज दवाखान्यात आपण ज्याला सलाईन म्हणतो, त्याची सुरुवात इथली.

एवढं करूनही इंग्लंडमध्ये त्याचं बस्तान काही बसलं नाही. १८३३ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि थेट कोलकाता गाठलं.

कोलकात्यात गाठ पडली गांजाशी

१८३५ मध्ये कोलकाता मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ओ'शॉघ्नेसी तिथे रसायनशास्त्र शिकवू लागला. त्याच्या लक्षात आलं की इथले वैद्य आणि हकीम एक झाड शेकडो वर्षं औषधात वापरतायत, पण युरोपातल्या डॉक्टरांना त्याचा पत्ताच नाही.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडं नाहीत. झाड एकच. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे राळेने चिकट झालेले शेंडे म्हणजे गांजा, आणि नुसती राळ म्हणजे चरस.

ओ'शॉघ्नेसीने आधी संस्कृत आणि फारसी जाणकारांकडून जुन्या ग्रंथांतली माहिती गोळा केली. मग कुत्री, शेळ्या अशा प्राण्यांवर प्रयोग केले. त्यानंतरच तो माणसांकडे वळला. संधिवात, धनुर्वात, पिसाळलेला कुत्रा चावलेले रुग्ण, झटके येणारं तान्हं बाळ अशा सगळ्यांवर त्याने गांजाचा अर्क वापरून पाहिला.

रेबीजचा रुग्ण वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले. धनुर्वाताच्या काही रुग्णांचे आचके थांबले. बाळाचे झटकेही आटोक्यात आले. १८३९ मध्ये त्याने हे सगळं कोलकात्यातल्या डॉक्टरांच्या सभेपुढे मांडलं. मात्रा जास्त झाली तर काय होतं, हेही त्याने लपवलं नाही.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो रजेवर इंग्लंडला गेला, तेव्हा सामानात गांजा होता. लंडनमधल्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क बनवला. १८४३ मध्ये ओ'शॉघ्नेसी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. आता हे औषध घरोघरी पोचणार, असंच वाटत होतं.

पण माशी शिंकली कुठे?

एका बाटलीतल्या औषधाने रुग्णाला आराम पडायचा. तेवढीच मात्रा दुसऱ्या बाटलीतून दिली की काहीच व्हायचं नाही. तिसऱ्या बाटलीने मात्र रुग्ण भ्रमिष्टासारखा वागायचा. डॉक्टर वैतागले.

या गोंधळाची मुळं दूर भारतातल्या शेतात होती. राळ झाडात सतत सारखी नसते. नर झाडाचे पराग मादी फुलांवर पडले की झाडाची ताकद बी धरण्यात जाते. कापणी लवकर झाली तर राळ पुरती भरलेली नसते. उशीर झाला किंवा माल गोदामात पडून राहिला की तिचा जोर ओसरतो. बाटलीत आलेला गांजा कुठल्या शेतातला, कधी कापलेला, किती महिने जहाजात पडलेला, हे लंडनच्या डॉक्टरला कुठून कळणार?

शेतकऱ्याला मात्र हे सगळं ठाऊक होतं. बंगालमध्ये नौगावच्या पट्ट्यात यासाठी खास माणूस असायचा. त्याला पोद्दार किंवा पारखदार म्हणत, आणि इंग्रज अधिकारी त्याला चक्क गांजा डॉक्टर म्हणायचे. तो शेतात फिरून नर झाडं ओळखायचा आणि उपटायला लावायचा. पुढे खालची पानं गळू लागली, शेंड्यांचा हिरवा रंग जाऊन तपकिरी छटा आली, की पीक तयार समजायचे.

आपल्याकडेही ही शेती होती. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात आणि वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुड्यापलीकडे खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजा पिकायचा.

पारखदाराची ही नजर प्रयोगशाळेत मोजता येत नव्हती. कारण राळेतला नेमका कुठला घटक काम करतो, हेच कुणाला माहीत नव्हतं. तो घटक, म्हणजे टीएचसी, शुद्ध रूपात हाती लागला १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये. तोवर फार उशीर झाला होता. मोजून देता येतील अशी नवी औषधं आली आणि १९३२ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत औषधसूचीतून गांजाचं नाव गेलं.

डॉक्टरचा झाला तारवाला

ओ'शॉघ्नेसी मात्र एका जागी थांबणारा गडी नव्हता. १८३९ मध्येच त्याने हुगळीकाठी तार टाकून विजेच्या संदेशाचा प्रयोग केला होता. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला बळ दिलं. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर लाईन सुरू झाली आणि १८५५ पर्यंत कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारेने जोडली गेली.

१८५६ मध्ये त्याला सर किताब मिळाला. पुढच्याच वर्षी झालेल्या उठावात याच तारांनी इंग्रजांचं राज्य सावरायला हातभार लावला, ही त्याच्या कामाची दुसरी बाजू. १८६० मध्ये त्याने भारत सोडला, नंतर आडनाव बदलून ब्रूक केलं, आणि जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या साउथसी इथे त्याचं निधन झालं.

प्रश्न अजून संपलेला नाही

त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९३ मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजाराहून जास्त लोकांच्या साक्षी झाल्या. १८९४ च्या अहवालात सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने चित्र बदललं. आज विनापरवाना गांजाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

गंमत म्हणजे या कायद्यातही झाडाची अवस्था महत्त्वाची आहे. गांजा म्हणजे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. शिक्षा वजनावर ठरते, त्यामुळे जप्तीत पानं-काड्यांसकट तोललं की फक्त शेंडे तोलले, यावरून कोर्टात आजही वाद होतात.

ओ'शॉघ्नेसीच्या कामांपैकी भारतातली तार सेवा २०१३ मध्ये बंद झाली. गांजाच्या औषधी वापरावर जगभर पुन्हा संशोधन सुरू आहे, पण आता प्रत्येक खेपेतला टीएचसी मोजूनच. आणि बावीसाव्या वर्षी त्याने सुचवलेलं मिठाचं पाणी आज गावोगावच्या दवाखान्यात बाटलीतून थेंब थेंब उतरतंय. त्यात क्षार किती, हे त्या बाटलीवरच लिहिलेलं असतं. गांजाच्या बाटलीवर त्या काळी असं काही लिहिता येत नव्हतं, आणि तिथेच त्याचं औषध मागे पडलं.