विल्बर राइटचा पहिला धडा

उडावयास शिकविणारा गुरू ज्याला जगात कोठेच मिळण्यासारखा नव्हता, अशा एका विद्यार्थ्याची ही हकीकत आहे.

विल्बर राइट याचा जन्म अमेरिकेतील इंडियाना राज्यात १६ एप्रिल १८६७ रोजी झाला. वडील धर्मोपदेशक होते. पुढे महाविद्यालयात जाण्याचा त्याचा विचार चालू असता बर्फावरील खेळात तोंडावर काठीचा जबर प्रहार बसून त्याचे दात पडले, प्रकृती ढासळली आणि शिक्षण राहून गेले. नंतरची काही वर्षे त्याने क्षयाने आजारी असलेल्या आईची शुश्रूषा करण्यात व घरातील ग्रंथ वाचण्यात घालविली. पुढे धाकटा भाऊ ऑर्व्हिल याच्यासह त्याने डेटन या गावी सायकलींचे दुकान काढले.

१८९६ साली ओटो लिलिएन्टाल हा जर्मन संशोधक, पंखांच्या आधारे टेकडीवरून तरंगत असता कोसळून मरण पावला. त्याच्या प्रयोगांचा विल्बरने हिशेब मांडला, तेव्हा पाच वर्षांत तो प्रत्यक्ष हवेत अवघा पाच तासच राहिला असावा, असे त्याला दिसून आले. एवढ्या सरावावर गर्दीच्या रस्त्यातून सायकल नेण्याचेही कोणी धाडस करणार नाही! पंख आणि एंजिन मिळाले, तरी ते चालविणारा माणूस अजून घडावयाचा आहे, हे त्याने ओळखले. म्हणून समुद्रकाठच्या किटी हॉक या वालुकामय गावी जाऊन दोघे भाऊ एंजिनाविना तरंगण्याचा अभ्यास करू लागले. एकट्या १९०२ सालीच त्यांनी शेकडो वेळा असे तरंगून पाहिले.

पुढच्या वर्षी यंत्राला बारा अश्वशक्तीचे एंजिन जोडण्यात आले. १४ डिसेंबर १९०३ रोजी जवळच्या समुद्ररक्षक चौकीतील पाच माणसांनी ते टेकडीवर चढविण्यास हात लावला. दोन लहान मुले आणि एक कुत्राही मौज पाहण्यास आले होते. पण एंजिन गरजू लागताच त्यांनी धूम ठोकली. प्रथम कोणी बसावे, हे ठरविण्यासाठी नाणे उडविले आणि कौल विल्बरच्या बाजूने पडला. तो खालच्या पंखावर पालथा पडून राहिला. उतारावरील लाकडी रुळावरून यंत्र वेगाने धावले, आणि रूळ सोडताच त्याने समोरचे सुकाणू जरा अधिकच वळविले. यंत्राचे नाक उंच झाले, वेग मंदावला आणि ते खाली येऊ लागले. डावा पंख प्रथम वाळूला लागला, यंत्र गर्रकन फिरले व सुकाणूचे आधार मोडले. साडेतीन सेकंदांत सुमारे १०५ फूट अंतर कापले गेले होते.

विल्बरला इजा झाली नाही. एंजिन नवे होते, रूळही नवा होता. तेव्हा दोष त्यांवर ढकलणे सोपे होते. पण त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रात, यंत्रात शक्ती भरपूर असून चूक आपल्या अननुभवाची होती, हे स्वच्छपणे कबूल केले. शिवाय उतारावरून घेतलेली ही झेप दोघांनीही उड्डाण म्हणून मोजली नाही. हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

दुरुस्तीस दोन दिवस लागले. १७ डिसेंबर रोजी सपाट वाळूवरून प्रथम ऑर्व्हिल उडाला व बारा सेकंद हवेत राहिला. त्या दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट मजल मारली. उतरताना सुकाणूची चौकट याही वेळी मोडलीच! त्यानंतर जमिनीवर उभे असलेले यंत्र वाऱ्याच्या झोताने उलथून पडले आणि ते पुन्हा कधी उडाले नाही.

पण शिकणे थांबले नाही. डेटनजवळच्या कुरणात नव्या यंत्रांवर दोघांचा अभ्यास चालू राहिला आणि ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटे हवेत राहून २४ मैल उडाला. पुढे १९०९ साली फ्रान्समधील पो या गावी तो स्वतःच गुरू झाला. शिष्याला शेजारी बसवून तो विमान चालविण्याचे धडे देई. त्याच्या शिष्यांपैकी काउंट लांबेर याने त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याभोवती विमान फिरवून आणले.

३० मे १९१२ रोजी डेटन येथे विषमज्वराने विल्बरचे निधन झाले. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.